कार्ताझ, वखार आणि दस्तक

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि त्याच्या मागोमाग काही नवे शब्दही आपल्या किनाऱ्यावर उतरले.

पहिला शब्द कार्ताझ. पोर्तुगीजांनी दिलेला हा समुद्री परवाना. त्यावर नाखवा कोण, जहाज कुठे चालले, हे लिहिलेले असे. परवाना घ्या, पोर्तुगीज बंदरात जकात भरा, मगच पुढे जा; नाहीतर जहाज आणि माल जप्त! मक्केच्या यात्रेला निघालेल्या मुघल जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे.

दुसरा शब्द फैतोरिया, इंग्रजांची फॅक्टरी. नाव फॅक्टरी, पण आत यंत्र एकही नाही! ‘फैतोर’ म्हणजे व्यापारी प्रतिनिधी. तो राहतो, माल साठवतो ती जागा. आपण तिला नेमके नाव दिले, वखार. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरात लुटली ती इंग्रजांची अशीच वखार.

पुढे मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे परवाने, म्हणजे दस्तके, सक्तीची केली. तेव्हा मात्र युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यांना चाचा ठरवले. कागद तसाच होता, श्रोतेहो. शिक्का तेवढा बदलला होता!