सभेत ‘उपस्थित’ असणे

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त शाळेत भरलेल्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेच्या उद्घाटनप्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या सभागृहात मी प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्या रांगेत उभा राहत असे, तिथे आज ब्राझील, केनिया, जपान आणि नॉर्वे शेजारी शेजारी बसले आहेत आणि ते सारे मराठीत बोलणार आहेत, हे पाहून मन भरून आले. आपल्या वडोदऱ्यातील मराठी मूल घरात मराठी, बाजारात गुजराती आणि अर्जावर इंग्रजी वापरते. अशा परिषदा इंग्रजीतच व्हायच्या, असे आपण गृहीत धरून चालतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, हे खरे. परंतु आमसभेच्या कार्यपद्धतीत असा एक नियम आहे की, कोणताही प्रतिनिधी या सहांखेरीज अन्य भाषेतही भाषण करू शकतो. मात्र त्याच्या अनुवादाची व्यवस्था त्याने स्वतः करायची. म्हणजे तुम्ही आज जे करणार आहात, ते नियमाला धरूनच आहे!

नियमांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा बाईंनी मला केली आहे. नियम म्हटले की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मला इथून स्पष्ट दिसतो आहे. तरीही थोडा धीर धरा.

वादसभेचा पहिला नियम असा की, अध्यक्षांच्या अनुमतीवाचून कोणी बोलायचे नाही आणि ज्या क्रमाने नावे आली, त्याच क्रमाने बोलायचे. यालाच तुम्ही वक्त्यांची यादी म्हणता. या यादीत महासत्तेचे नाव चिमुकल्या बेटाच्या नावाखाली येऊ शकते. ज्याचा आवाज मोठा, त्याला नियमाची गरज नसते; तो नियमावाचूनही ऐकू येतो. नियम असतो तो हळू आवाजाच्या माणसासाठी. भाषणाला वेळेची मर्यादा असते, तीही याच कारणाने.

दुसरा नियम हरकतीच्या मुद्द्याचा. कार्यपद्धतीचा भंग होत आहे असे वाटले, तर कोणताही प्रतिनिधी चालू भाषणातही उठून हरकत घेऊ शकतो आणि अध्यक्षांना त्यावर तत्काळ निर्णय द्यावा लागतो. तो निर्णय पटला नाही, तर त्याविरुद्ध सभेकडे दाद मागता येते. उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने तो फिरवला गेला नाही, तर कायम राहतो. अध्यक्षस्थानी बसणाऱ्या मित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवावे: खुर्ची सभेने दिलेली आहे. आणि हरकत घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्या निमित्ताने मूळ विषयावर भाषण ठोकता येत नाही. आमच्या वेळच्या वादसभांत निम्म्या हरकती या चोरवाटेनेच येत असत!

तिसरा नियम मला सर्वांत प्रिय आहे. चर्चा पुरे झाली, आता ती बंद करावी, असा प्रस्ताव कोणी मांडला, तर आमसभेत त्यावर फक्त दोघांना बोलता येते आणि ते दोघेही चर्चा बंद करण्याच्या विरोधात असावे लागतात. बाजूने बोलणाऱ्याला संधीच नाही. बहुमताला घाई असते आणि मतेही त्याच्याच हाती असतात. म्हणून दार लावण्यापूर्वी, ज्याचे अजून सांगायचे राहिले आहे त्याला एकदा विचारून घ्या, असे हा नियम सांगतो.

आता ठरावाच्या मसुद्यावरील दुरुस्त्यांकडे वळतो. पुष्कळांना दुरुस्ती म्हणजे शब्दांचा कीस वाटतो. या बाबतीत मी दूरचे उदाहरण देणार नाही. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या हंसाबाई मेहता या विद्यापीठाच्या कुलगुरू होण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. हंसाबाईंनी आग्रह धरला, आणि तिथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने तो जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. एका शब्दाची दुरुस्ती किती दूर पोहोचते, हे शिकायला वडोदऱ्याच्या मुलांनी परगावी जाण्याचे कारण नाही.

आणि आता मतदान. एकदा अध्यक्षांनी मतदान सुरू झाल्याचे जाहीर केले की, मतदानाच्या प्रत्यक्ष पद्धतीविषयीच्या हरकतीखेरीज कोणीही मध्ये बोलू शकत नाही. दुरुस्ती असेल, तर तिच्यावर आधी मत घेतले जाते. अनेक दुरुस्त्या असतील, तर मूळ मसुद्यापासून आशयाने सर्वांत दूर असलेली सर्वांत आधी. आमसभेत प्रत्येक राष्ट्राला एकच मत. महत्त्वाच्या प्रश्नांना दोन-तृतीयांश बहुमत लागते, इतरांना साधे बहुमत पुरते. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मते अनुकूल हवीत आणि कार्यपद्धतीखेरीजच्या प्रश्नांवर पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही विरोध नसावा, तोच नकाराधिकार.

परंतु ज्या एका गोष्टीसाठी मी आज उभा आहे, ती तटस्थतेची. हे बहुमत ‘उपस्थित व मतदान करणाऱ्या’ सदस्यांचे मोजायचे असते, आणि आमसभेच्या नियमांनुसार तटस्थ राहणारा हा मतदान करणाऱ्यांत धरलाच जात नाही. याचा परिणाम पाहा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या योजनेवर मतदान झाले. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारताने विरोधात मत दिले होते. दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक होते. तटस्थ राष्ट्रे धरून ५६ जणांचा हिशेब केला असता, तर ३८ मते लागली असती आणि योजना फेटाळली गेली असती. पण हिशेब झाला ४६ जणांचा. ३१ मते पुरेशी होती, ३३ मिळाली. योजना योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे की, ती दहा राष्ट्रे कोणत्याच बाजूला नव्हती, तरी निकालात होती.

हे गणित मला वहीत कळले नाही. ते याच शाळेत कळले, आणि त्याची कबुली देण्यासाठी हा प्रसंग योग्य आहे असे मी मानतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या सभेत एक ठराव आला: वार्षिक मराठी वक्तृत्व स्पर्धेला मुले मिळत नाहीत, सबब ती बंद करावी आणि तो निधी अन्यत्र वळवावा. याच स्पर्धेने मला बोलायला शिकवले होते. सातवीत असताना भाषण विसरून मी व्यासपीठावर नुसता उभा राहिलो, तेव्हा पहिल्या रांगेतून बाईंनी हळूच पुढचा शब्द सांगितला होता. हे सारे आठवत असूनही त्या सभेत मी उठलो नाही. ठराव मांडणारे माझे स्नेही होते. वाईटपणा कशाला घ्यावा, असे वाटले. बाजूने हात वर झाले, विरोधात झाले. माझे दोन्ही हात मांडीवर राहिले. ठराव दोन मतांनी संमत झाला. माझ्यासारखे हात मांडीवर ठेवणारे त्या दोन मतांहून कितीतरी अधिक होते. बाहेर पडताना आम्ही सगळेच हळहळलो. पण हळहळ इतिवृत्तात नोंदली जात नाही.

तटस्थता नेहमीच भित्री असते, असे मात्र मी म्हणत नाही. पुरेशी माहिती नसेल, दोन्ही बाजू सदोष वाटत असतील, तर तटस्थ राहणे प्रामाणिकपणाचे आहे. मतदानानंतर आपल्या मताचे स्पष्टीकरण देण्याची सोयही त्यासाठीच असते. फरक एवढाच की, तशी तटस्थता कारण सांगू शकते. माझी सांगू शकली नसती.

विद्यार्थ्यांच्या परिषदांत एक सुंदर प्रथा आहे. खऱ्या आमसभेत ती नाही. सकाळी हजेरी घेताना प्रत्येक देशाला दोन उत्तरे देता येतात: ‘उपस्थित’ किंवा ‘उपस्थित व मतदान करणार’. ज्याने दुसरे उत्तर दिले, त्याला ठरावावर तटस्थ राहता येत नाही. होय किंवा नाही, काहीतरी म्हणावेच लागते. त्या सभेच्या हजेरीपत्रकावर माझी सही आहे. मी उपस्थित होतो. एवढेच.

मित्रांनो, स्पर्धा बंद पडली त्या सभागृहात आज दोन दिवस तुम्ही मराठीत वाद घालणार आहात. हे ज्यांच्या श्रमाने घडले, त्या शिक्षकांपुढे मी नतमस्तक आहे. साठ वर्षे ही शाळा परप्रांतात आपली भाषा सांभाळत उभी आहे, ती कोणी ना कोणी प्रत्येक वेळी हात वर केला म्हणूनच. पुढे तिच्याविषयी अनेक ठराव येतील. काही तुमच्यासमोरच येतील. त्या दिवशी आजचे नियम आठवा. यादीत नाव द्या, वेळेत बोला, विरोधकाला ऐकून घ्या आणि मत द्या.

थोड्याच वेळात हजेरी सुरू होईल. आपले उत्तर विचारपूर्वक द्या. आज प्रेक्षकांत बसलेल्या या जुन्या विद्यार्थ्याचीही नोंद जमल्यास करून घ्यावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे: उपस्थित व मतदान करणार.

परिषदेचे रीतसर उद्घाटन झाले, असे मी जाहीर करतो.