पिकअपचं मागचं चाक घुमतंय? बेअरिंग, सील आणि ब्रेक एकाच बैठकीत

आज कोड नाही, ॲप नाही, नोकरीच्या गप्पा नाहीत. आज पिकअपचं मागचं चाक. त्याचा हब, हबमधली बेअरिंग आणि ड्रमच्या पोटात बसलेले ब्रेक. ऐकताना हात काळे होणार नाहीत, पण गाडी घरची असेल तर पुढेमागे होतीलच.

सोलापुरात हा विषय कुणाला परका नाही. कांद्याच्या हंगामात सिद्धेश्वर मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्या बघा. १९८६ साली टाटा ४०७ आली, २००५ साली टाटा एस म्हणजे आपला छोटा हाथी आला, आणि आता जिकडं बघावं तिकडं बोलेरो पिकअप. गाड्या बदलल्या, मागच्या चाकाचं दुखणं काही बदललं नाही. कारण सोपं आहे. १.७ टनाची गाडी म्हणजे पन्नास किलोच्या चौतीस गोण्या. आपण चौतीसवर थांबतो का? पन्नास गोण्या टाकल्या की अडीच टन झाले, आणि हौद्यातला माल बहुतेक मागच्या ॲक्सलवरच बसतो.

आता आवाजाचं बघू. बेअरिंग गेली की चाक घुमायला लागतं, भुंगा अडकल्यासारखं. हा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. गिअर न्यूट्रल करून गाडी पळू दिली तरी तो राहतो, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. वळणावर लक्ष द्या: गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. टायरचा आवाजही असाच असतो, म्हणून खात्रीसाठी चाक उचलून, वर आणि खाली हात धरून हलवून बघायचं. चाल लागली, किंवा चाक फिरवताना दाणे दळल्यासारखं हाताला जाणवलं, तर हब उघडायचा.

पण उघडण्याआधी तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते ओळखा. चाकाच्या मध्यभागी हब बाहेर आलेला आहे आणि त्याच्या तोंडावर गोल बोल्टची माळ आहे? मग ती फुल फ्लोटिंग. यात गाडीचं वजन हाउसिंगच्या टोकावर दोन बेअरिंग पेलतात, आतला ॲक्सल फक्त चाक फिरवतो. ॲक्सल तुटला तरी चाक जागेवर राहतं. दुसरी जात सेमी फ्लोटिंग, यात वजनही ॲक्सलवरच. तिथं बेअरिंग ॲक्सलवर दाबून बसवलेली असते आणि मागे कॉलर असते. ती प्रेसवरच निघते आणि प्रेसवरच बसते. हातोडीनं ठोकून बसवणारा भेटला तर गाडी तिथून काढा. आजचं बोलणं मुख्यतः पहिल्या जातीबद्दल आहे.

त्यातली बेअरिंग निमुळत्या रोलरची असते. गॅरेजच्या भाषेत कोन आणि कप. अमेरिकेत हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बनवणारा माणूस होता, त्यानं १८९८ साली हिचं पेटंट घेतलं. त्याची अडचण आपल्या रोजच्या कामाची आहे. भरलेली गाडी वळली की चाकावर नुसतं वरून वजन येत नाही, बाजूनंही रेटा येतो. निमुळते रोलर दोन्ही सोसतात. म्हणून हबमध्ये दोन बेअरिंग एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या असतात.

खरी गोष्ट आता सांगतो. माझा चुलत भाऊ यार्डाची भाडी करतो, गाडीवर हप्ता चालू आहे. त्याच्या मागच्या उजव्या चाकातून तेल यायचं. एका गॅरेजमध्ये ऑइल सील बदललं. महिन्याभरात पुन्हा तेल. पुन्हा सील. तिसऱ्या वेळी तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगाला ओढली. माल भरलेला होता. सुदैवानं समोर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेला. त्यांनी चाकाला हातच लावला नाही. आधी गाडीखाली सरकले आणि हाउसिंगच्या वरचं एक छोटं टोपण काढून आणलं. मातीनं गच्च भरलेलं.

‘सील बिचारं काय करील? हाउसिंगचं नाक बंद झालंय.’

ते टोपण म्हणजे ब्रीदर. गाडी पळाली की ॲक्सलमधलं तेल तापतं, आतली हवा फुगते. ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. आपल्याकडच्या काळ्या मातीनं तो बुजला की दाब वाट शोधतो, आणि सगळ्यात कच्ची वाट म्हणजे ऑइल सील. तेल सीलमधून ड्रममध्ये, ड्रममधून लायनरवर. दोन सीलचे पैसे, दोन दिवसांचं भाडं आणि एक धडधडता घाट, हे सगळं त्या टोपणामुळं. (आमच्या ऑफिसात असं झालं असतं तर तीन तास मीटिंग झाली असती.) सील वारंवार जात असेल तर आणखी दोन गोष्टी बघा: हाउसिंगमध्ये तेल लेव्हलच्या वर भरलंय का, आणि सीलचा ओठ जिथं घासतो तिथं खाच पडलीय का. खाचेवर नवं सील टिकत नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे. हब उघडलाच आहे तर बेअरिंग, सील आणि ब्रेक एकदमच बघायचे.

काम कसं चालतं ते सांगतो. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, आणि जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, ॲक्सलखाली घोडी लावायची. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून राहते. ड्रम निघाला की स्प्रिंगांचा फोनवर व्हिडिओ काढा. जुळणी करताना कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात यावरून भांडण होणार नाही. तोंडाचे बोल्ट काढून ॲक्सल ओढायचा, खाली डबा ठेवायचा कारण तेल येणार. मग लॉक वॉशर सरळ करून हब नट. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघून घ्या.

नवा कोन जुन्या कपात बसवू नका. कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो, काढायला कंटाळा येतो, म्हणून लोक तो तसाच ठेवतात. जुन्या कपावरच्या खुणा नव्या रोलरला थोड्याच दिवसांत खातात. कप पितळी सळईनं, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकून काढायचा. बेअरिंग ग्रीसवर चालणारी असेल तर ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधून पलीकडं निघेपर्यंत दाबायचं. वरून बोटानं फासलेलं ग्रीस नुसती सजावट असते. जुनं ग्रीस आधी पूर्ण धुवा, दोन जातींचं ग्रीस एकत्र केलं की पातळ होऊन वाहू शकतं.

आणि हब नट. इथं बहुतेकांचा हात जड पडतो. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग थोडा मागे सोडून कंपनीच्या पुस्तकातल्या मापावर आणायचा आणि लॉक करायचा. माप प्रत्येक गाडीचं वेगळं, म्हणून आकडा सांगत नाही. फार आवळला तर बेअरिंग तापून निळी पडते, सैल राहिला तर चाक डुलतं आणि सील मरतं.

आता ब्रेक. ड्रममध्ये ओल दिसली तर आधी ओळखा ती कशाची. दाट, काळपट, उग्र वासाचं असेल तर ॲक्सलचं तेल. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गेला. तेल पिलेला लायनर पेट्रोलनं धुवून किंवा जाळून परत बसवतात, ते करू नका. तेल आत मुरलेलं असतं, गरम झाला की बाहेर येतं. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर गाडी ओढणारच. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचं माप कोरलेलं असतं, लेथवर पास मारून त्याच्या पुढे गेला तर ड्रम भंगारात. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

ब्रेक ऑइल बाटलीवर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि हा आकडा १४० पर्यंत येऊ शकतो. घाटात याचा अर्थ काय होतो? साडेतीन टनांची गाडी २०० मीटर उंची उतरली तर जी ऊर्जा जिरवायची असते, तिच्यात वीस लिटर गार पाणी उकळीला येईल. थोडी इंजिन खातं, जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरणाऱ्यांची सगळी उष्णता ब्रेकवर. ब्रेक ऑइल उकळलं की पायाखाली पेडल स्पंजासारखं खाली जातं.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. आता आपण काय करतो? जास्त माल बसावा म्हणून पाटा वाढवतो. चेसिस दबतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि अडीच टन माल असताना तो मागच्या ब्रेकला कमी दाब सोडतो. लायनर नवे, ड्रम नवे, तरी ब्रेक लागत नाही म्हणून गॅरेजवाल्याला शिव्या. पाटा वाढवला असेल तर त्या व्हॉल्व्हची दांडी सेट करून घ्या. काही जण तो व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. मग रिकाम्या गाडीला, पावसात, मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते.

काम झालं की हवा काढायची, साधारण सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. मग ॲक्सलच्या तेलाची लेव्हल. मग रिकाम्या गाडीनं दहा-पंधरा किलोमीटर हळू फेरी, आणि थांबल्यावर दोन्ही हबच्या जवळ हात न्यायचा. टेकवू नका, नुसता जवळ. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक जास्त तापला असेल तर नट किंवा लायनर जास्त आवळलाय, परत उघडा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर चाकाचे आणि ॲक्सलच्या तोंडाचे बोल्ट पुन्हा तपासा.

भावाच्या गाडीत हे सगळं करायला दीड दिवस गेला. ब्रीदरला आता एक रबरी नळी जोडून तोंड वर चेसिसवर बांधलंय, म्हणजे चिखल पोचत नाही. तुमच्या गाडीचा ब्रीदर कुठं आहे, तो शेवटचा कधी साफ केला, ते घरच्या ड्रायव्हरला विचारून मला कळवा. पुढच्या भागात पाट्यांबद्दलच बोलू. चला, भेटू.