श्वासयंत्रांतील पाणी

नवेगाव बांधच्या तलावाचें पाणी कितीहि नितळ दिसो, त्यांत क्षार विरघळलेले असतातच. झोपेंत ज्यांचा श्वास अडतो, त्यांना दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा सीपॅप उपचार सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केला. ही हवा ओलसर करणाऱ्या भांड्यांत साधें पाणी घातलें, तर तळाशीं पांढरा थर बसतो. उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. सकाळीं भांडें निवल्यावर उरलेलें पाणी टाकावें, सौम्य साबणानें भांडें धुवावें व सावलींत वाळवावें. थर धरल्यास पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्यें भिजवून स्वच्छ खळबळावें. पिण्याचें पाणी आपण गाळून घेतों. मग श्वासाबरोबर जाणाऱ्या ओलाव्याविषयीं बेफिकिरी कां?