बेने इस्राएलांतील एक स्त्री-नेतृत्व

कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालविणारे पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले, त्या बेने इस्राएल यहुद्यांची घरची भाषा मराठीच. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. आपल्या बोलीत ते त्याला 'मशीद' म्हणत. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागत. नऊच आले तर, स्त्रिया कितीही जमलेल्या असोत, ती प्रार्थना व्हायची नाही. स्त्रियांनी निराळ्या जागी बसावे व ऐकावे. शब्बाथाचा दिवा लावणारी घरातील स्त्रीच. परंतु समाजाच्या पंचांत तिला कोण विचारणार?

अशा समाजात जेरुशा झिराड यांचा जन्म १८९१ साली शिमोगा येथे झाला. बहिणीचा जीव मुंबईच्या कामा रुग्णालयात वाचला, आणि आपणही डॉक्टर व्हावयाचे, ते याच रुग्णालयात, हा निश्चय लहानग्या जेरुशाने केला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या बाहेर पडल्या आणि १९१३ साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, त्यांनी बेने इस्राएल स्त्रीमंडळ स्थापन केले. हे काम त्यांनी विलायतेला जाण्यापूर्वी हाती घेतले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सुधारणा परदेशातून आणली, असा आक्षेप निदान स्त्रीमंडळावर तरी कोणास घेता आला नसता! कोणाची परवानगी न मागता बायकांनी एकत्र जमावे व आपला कारभार आपण पाहावा, एवढीच गोष्ट. पण ती पूर्वी नव्हती.

पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या व १९१९ साली एम. डी. झाल्या. तेथील उदारमतवादी यहुद्यांत लिली माँटेग्यू ही स्त्री पुढारी होती. १९१८ साली तिने प्रार्थनामंदिरात व्यासपीठावरून प्रवचन केले. स्त्री केवळ श्रोती नसते, याचा हा डोळ्यांपुढचा दाखला.

मुंबईस परतल्यावर १९२५ साली जेरुशाबाईंच्या पुढाकाराने 'ज्युइश रिलिजस युनियन' स्थापन झाली. जुन्या मशिदीशी भांडत बसण्यापेक्षा नवी बैठक घालणे त्यांना अधिक श्रेयस्कर वाटले असावे. बहुसंख्य समाज जुन्या रीतीशीच एकनिष्ठ राहिला, हेही खरे. परंतु या डॉक्टरीणबाईंना अव्हेरणे सोपे नव्हते. कामा रुग्णालयाची प्रमुख सूत्रे १९४७ पर्यंत त्यांच्या हाती होती. मुंबईत बाळंतपणी स्त्रिया का दगावतात, याचा शोध घेऊन त्यांनी सिद्ध केलेला अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लेकीसुना तिने सोडविल्या, ते तिचे म्हणणे ऐकून तरी घेणारच.

१९६६ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १९८४ साली त्या निवर्तल्या, तोपर्यंत समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली होती. मागे राहिलेल्या बायकांनी स्त्रीमंडळ चालू ठेवले.