खलनायकाचे सुतक



श्रावणातील या व्याख्यानमालेत आजवर मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींवर प्रवचनतुल्य भाषणे झाली, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानींनी आपल्या आठवणी सांगितल्या, दुष्काळ आणि पाणी या विषयांवर तर दर वर्षी कोणी ना कोणी बोलतेच. त्याच व्यासपीठावरून मी आज एका नटाविषयी, आणि तेही ज्याने पडद्यावर आयुष्यभर आपला छळ केला अशा नटाविषयी बोलणार आहे. निळू फुले यांचा देहान्त पुण्यात १३ जुलै २००९ रोजी, सोमवारी झाला. त्या दिवशी आपल्या भागातील सामान्य माणसाला जे वाटले, त्याची नोंद वर्तमानपत्रांच्या दप्तरी फारशी झाली नाही. ती कोठेतरी व्हावी, एवढ्याच इच्छेने मी हा विषय निवडला.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील ज्या गावी मी शाळामास्तर होतो, तेथे तिफणी अंगणात उभ्या होत्या आणि माणसे आभाळाकडे पाहत पारावर बसून होती. कार्तिकात हीच बातमी आली असती, तर ती ऐकायला गावात म्हातारी माणसे आणि कुलुपे यांखेरीज कोणी नसते. परंतु आषाढ असल्यामुळे ऊसतोडीच्या सगळ्या टोळ्या घरी होत्या. दुपारी दूरदर्शन संचावर बातमी झळकली आणि संध्याकाळपर्यंत पारावर, पिठाच्या गिरणीवर, हापशापाशी तोच विषय निघत राहिला. त्या बोलण्याचा सूर एखाद्या प्रसिद्ध पुरुषाविषयीचा नव्हता. दूरच्या नात्यातले कोणी गेले, आपले जायचे राहून गेले, असा होता. चित्रपटात या माणसाने ज्यांच्या लेकीसुनांवर हात टाकला, ज्यांच्या जमिनी गिळल्या, त्याच माणसांना त्याचे सुतक का यावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

नायकासाठी लोक रडतात, त्याचे कोडे पडत नाही. १९८७ च्या डिसेंबरात एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा मद्रास आणि २००६ च्या एप्रिलमध्ये राजकुमार गेले तेव्हा बंगळूर कसे पेटून उठले, हे आपण वाचले आहे. तेथे लोकांनी आपला त्राता गमावला होता. आपल्या गावात त्या सोमवारी एक काचही फुटली नाही. पण ज्याच्याविषयी हळहळ चालली होती तो त्राता नव्हता, छळणारा होता. या हळहळीचे मूळ शोधायचे तर चित्रपटगृहापासून आरंभ करून भागत नाही. ऊसतोडीच्या उचलीपासून आरंभ करावा लागतो.

आपल्या जिल्ह्याचे तालुके ११, आणि दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांतून कोयता घेऊन बाहेर पडणारी माणसे लाखांच्या घरात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, हा या धंद्याचा हिशेब. दोन माणसांचे एक हत्यार मोजणारी ही भाषा कोणी प्रथम काढली कोण जाणे, पण ती आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्यातील क्रौर्य आपल्याला टोचेनासे झाले आहे. पावसाळ्यात टोळीचा मुकादम येतो आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देतो. मी त्या गावी असताना शेजारच्या ओसरीवर हा व्यवहार अनेकदा जवळून पाहिला. मुकादम कधी ओरडत नाही. तो घोंगडीवर बसतो, पाणी मागतो, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करतो, पोराला जवळ घेऊन त्याच्या हातावर गोळी ठेवतो. मग वहीचे पान उलटते आणि मागील हंगामाची फिटता फिटता राहिलेली बाकी तो अशा मऊ आवाजात वाचून दाखवतो की जणू आपल्यालाच तिचा खेद होतो आहे. शाईचा डबा पुढे येतो. अंगठा उठतो. नोटा मोजून हातात पडतात, आणि उठताना मुकादम घरधन्याच्या खांद्यावर हात ठेवतो. त्या हाताच्या वजनाखाली पुढील सहा महिन्यांचे आयुष्य गेलेले असते. पहाटेच्या अंधारात फडात शिरणे, पाचट सोलणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीत चढवणे, आणि रात्री कोपीत परतल्यावर भाकरी थापणे, हे सगळे त्या एका हलक्या स्पर्शात गहाण पडते.

हा मुकादम डोळ्यांपुढे ठेवून आता निळूभाऊंचा ‘सामना’ हा चित्रपट आठवा. आपल्या पाटोदा-आष्टीच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडचे रामदास फुटाणे त्याचे निर्माते, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेला, याचे कौतुक पुण्या-मुंबईत पुष्कळ झाले. परंतु आमच्याकडे जत्रेतल्या तंबूत, पुढे भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर आणि अखेर दूरदर्शनच्या आठवड्याच्या मराठी चित्रपटात तो ज्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी त्यात बर्लिनचा संबंध नव्हता. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील त्यांनी आधीच पाहिला होता. त्यांनी त्याचा ऊस तोडला होता. मात्र त्याला इतक्या जवळून, त्याच्या दिवाणखान्यात, त्याच्या जेवणाच्या ताटापाशी पाहण्याची मुभा त्यांना कधी नव्हती. कारखान्याचा साहेब फडावर आला तर जीपमधून आला आणि धुरळा उडवून गेला. निळूभाऊंनी त्या जीपमधील माणसाला खाली उतरवून आपल्या पुढ्यात बसवले. तो हसतो कसा, संकटात पडला म्हणजे पान कसे चघळतो, उपकार करताना त्याच्या डोळ्यांत काय असते, आणि मारुती कांबळे या माजी सैनिकाचे काय झाले असे डॉ. श्रीराम लागूंचा तो दारुडा मास्तर पुन:पुन्हा विचारू लागला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरची कोणती शीर हलते, हे सर्व सावकाश पाहायला मिळाले. ज्याची भीती वाटते त्याला मनसोक्त निरखता येणे, हा दुबळ्या माणसाच्या आयुष्यात फार मोठा अधिकार आहे, आणि तो आमच्या माणसांना कोणत्याही दरबारी हुकुमाने नव्हे, या एका नटाने मिळवून दिला.

हे त्यांनी साधले कसे? माझ्या मते ओरडण्याचा त्याग करून. मराठी पडद्यावर त्यांच्या आधीही दुष्ट माणसे होती. मिशा पिळणारी, पाय आपटणारी. निळूभाऊंचा पाटील बसून असतो. मान किंचित कलती, ओठाचा एक कोपरा खाली, आवाज घशाच्या तळातून येणारा आणि वाक्याच्या शेवटी मुद्दाम मंद होणारा. समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावे लागते, आणि तो वाकला की काम झाले. ज्याच्या हाती अंमल असतो त्याला आवाज चढवण्याची गरज नसते, ही गोष्ट एखाद्या राज्यशास्त्रज्ञाला ग्रंथभर सांगावी लागली असती; आमच्या ऊसतोड्यांना ती ठाऊकच होती, पण आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना त्या चेहऱ्याकडे पाहून कळले.

हे ज्ञान त्या माणसाकडे आले कोठून, याचेही उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. ते वाड्यात वाढले नव्हते. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळी होते. ८० रुपये पगार, आणि त्यातील १० रुपये राष्ट्र सेवा दलाला. सेवा दलाच्या कलापथकातून ते गावोगाव हिंडले, शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव केले, आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले. म्हणजे ज्या माणसाने सत्ताधीश रंगवला, त्याने तो खालून, बागेतील वाफ्यात उकिडवे बसून पाहिलेला होता. कॅमेऱ्यापुढे खुर्चीत रेलून बसतानाही त्यांची नजर खाली बसलेल्या माणसाची राहिली, असे मला त्यांचे चित्रपट पाहताना दर वेळी जाणवते. पुढे कीर्ती मिळाल्यावरही ते त्या बाजूचेच राहिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत ते महाराष्ट्रभर फिरले आणि चळवळीत आयुष्य घालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनाची तजवीज करण्यास हातभार लावला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते उभे होते. या गोष्टींचा तपशील आमच्या पारावर कोणालाच माहीत नव्हता. तरीही त्या दिवशी जो तो म्हणत होता, “माणूस लई चांगला व्हता म्हनं.” हे ‘म्हनं’ मला फार मोलाचे वाटते. कोणी सांगितले, कधी सांगितले, याचा दाखला नाही. पण ती वार्ता कर्णोपकर्णी बालाघाटाच्या डोंगरात पोहोचली होती.

येथे मला एक कैफियत मांडायची आहे. निळूभाऊ गेल्यानंतर त्यांची जी आठवण सर्वांत जास्त प्रचारात राहिली, ती नकलेची. बाईला वाड्यावर बोलावणारे ते एक वाक्य, तो घोगरा आवाज, आणि हशा. गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या वरातीपुढे, आता तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये ती नक्कल चालू असते. नकलाकारांचा हेतू वाईट नसतो. प्रेमापोटीच ते करतात. परंतु त्यात आवाज तेवढा उरला आणि डोळे गेले, स्तब्धता गेली, मुख्य म्हणजे भीती गेली. ज्या गोष्टीकडे पाहून आमच्या आयाबहिणींनी पदर आवळून घेतला, तिच्यावर त्यांचीच नातवंडे टाळ्या पिटतात, हे मला सोसत नाही. कोणा नकलाकाराची चूक दाखवावी म्हणून मी हे म्हणत नाही; आपण प्रेक्षक म्हणून काय जतन करतो, त्याविषयी मी बोलतो आहे.

कारण निळू फुले म्हणजे केवळ पाटील नव्हेत. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये मधाच्या पोळ्यांमागे जाणाऱ्या नाग्याचा भगत बाप त्यांनी केला, तेथे त्या घशाच्या तळच्या आवाजातून एक वडिलकीची माया झिरपते. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये ते दिगू टिपणीस हा वार्ताहर झाले. मंत्रालयाच्या पायऱ्या चढता उतरता ज्याने सगळा कारभार पाहिला आणि अखेरीस ज्याला ते पाहणे असह्य झाले, त्या माणसाचे शेवटचे वेड्यासारखे हसणे ज्याने ऐकले आहे, तो वाड्यावरच्या नकलेवर समाधान मानू शकणार नाही. रंगभूमीवर १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ करताना त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला, आणि जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये मुलाच्या सत्तेपुढे उभा राहणारा गांधीवादी बापही त्यांनीच केला. एकाच देहाने जुलूम करणारा आणि जुलमाला जाब विचारणारा, अशा दोघांची साक्ष दिली. पुन्हा ‘सारांश’मधला तो पुढारी गजानन चित्रे घ्या, भाषा हिंदी, गाव मुंबई, पण माणूस तोच, आणि आमच्याकडे ज्यांना हिंदी धड समजत नव्हते त्यांनाही तो एका नजरेत ओळखू आला.

आता त्या सोमवारच्या रात्रीकडे येतो. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. आठच्या सुमारास बातम्या चालू असतानाच वीज गेली, आणि ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या अंगणात जमलेली वीस-पंचवीस माणसे अंधारात तशीच बसून राहिली. कंदील आला. थोडा वेळ कोणी बोलेना. मग माझाच एक जुना विद्यार्थी, विशीच्या आतबाहेरचा, वातावरण हलके करावे म्हणून उठला आणि त्याने निळूभाऊंची नक्कल सुरू केली. मान वाकडी, घोगरा मोठा आवाज, तेच वाक्य. पोरे हसली. ओट्याच्या कडेला एक मावशी बसल्या होत्या. पस्तीस हंगाम त्यांनी ऊस तोडला होता, उजव्या हाताची दोन बोटे कोयत्याने कायमची वाकडी झाली होती, आणि हसणे ऐकून त्यांनी मान वर केली.

“आसं नाई रं बाळा,” त्या म्हणाल्या. “त्यो वरडत नसतो.”

एवढे बोलून त्या उठल्या, त्याच्या शेजारी येऊन बसल्या. कंदिलाच्या उजेडात त्यांनी पदर सावरला, मान किंचित कलती केली, आणि तो वाकड्या बोटांचा हात हळूच त्याच्या खांद्यावर ठेवून, अगदी आपल्या घरच्याला विचारावे तशा आवाजात म्हणाल्या, “काय लागतंय ते घिऊन जाय की. परकं का समजतूस?”

अंगणात कोणी हसले नाही. त्या पोराने मावशींच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याचा खांदा त्या हाताखालून नकळत मागे सरला.