तातडीचे ‘वर्क’



सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना असो की एखादी शाळा, इंग्रजीतून रजेचा अर्ज आला की ‘आय हॅव ॲन अर्जंट वर्क’ हे वाक्य त्यात हमखास भेटते. इंग्रजीत ‘अ वर्क’ म्हणजे पुस्तक, चित्र, शिल्प असली कलाकृती. माणसाला जायचे असते भाचीच्या बारशाला आणि अर्जावरून वाटते, स्वारी तातडीने कादंबरी लिहायला बसणार! तिथे हवे ‘सम अर्जंट वर्क’.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा नांदतात आणि चारींतही इंग्रजीसारखे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हे उपपद नाही. मग आपण अंदाजाने चालतो. ‘एक’ म्हणता येते तिथे ‘अ’ ठोकून देतो.

सुतापुरता हा अंदाज जमतो. चादरी नि टॉवेल आपण नगावर मोजतो, सूत किलोवर घेतो. इंग्रजीतही ‘अ टॉवेल’ बरोबर, पण नुसत्या सुताला ‘यार्न’ पुरते. ‘अ यार्न’ म्हणाल तर ती बहुधा तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट ठरेल. खरा घोटाळा होतो तो आपण मोजतो आणि इंग्रजी मोजत नाही तिथे. आपण चार कामे उरकतो, दोन बातम्या ऐकतो, सल्ले तर न मागता देतो. इंग्रजीत ‘वर्क’, ‘न्यूज’, ‘ॲडव्हाइस’ ही तिन्ही पाण्यासारखी अगणनीय. ‘न्यूज’च्या शेवटचा ‘एस’ फसवा आहे. क्रियापद एकवचनीच येते. सल्ला मोजायचाच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’ यांनाही ‘अ’ लागत नाही.

‘द’चे मात्र वेगळे. ‘वॉटर इज लाइफ’ म्हणताना कुठलेही पाणी चालते, म्हणून उपपद नको. ‘द वॉटर इन उजनी’ म्हटले की उजनी धरणातलेच पाणी ठरले, तिथे ‘द’ हवाच. आणि हॉटेलात ‘टू टीज’ खुशाल मागा. तिथे कप मोजले जातात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. व्याकरणातली अगणनीय नामांची लांबलचक यादी मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, ती यादी बाजूला ठेवा. काम, बातमी, सल्ला, गृहपाठ आणि डोक्यावरचे केस, एवढे पाच शब्द फळ्यावर लिहा आणि त्यांची इंग्रजी वाक्ये मुलांकडूनच करून घ्या.