शर्यतपथावर जाण्याआधी



कामगारांच्या सभांतून बोलणारे आम्ही आज स्पोर्ट्‌स कारवर बोलणार, हे वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. ती गाडी आमच्या ऐपतीची नव्हे. पण तिच्याखाली शिरून जे पाना चालवितात, ती माणसे आमची आहेत.

‘ट्रॅक डे’ म्हणजे शर्यत नव्हे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेला सुमारे ३.७ किलोमीटरचा शर्यतपथ आहे. अशा बंदिस्त मार्गावर शुल्क भरून आपली गाडी वेगाने चालवून पाहावयाची, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या युनियनच्या एका मेकॅनिकने अशा पहिल्या दिवसासाठी निघालेली गाडी तपासली आणि ‘ही पाठवू नका’ म्हणून सांगितले. गाडी चकचकीत, टायर नवे. खोट होती ब्रेक ऑइलमध्ये. गाडीमालक चिडला. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने गॅरेजवाल्याने मेकॅनिकलाच घरी बसविले. आम्ही भांडावयास निघालो. पण भांडण्याआधी विषय शिकावा लागला.

तो असा. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविताना ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते, आणि तिची उष्णता होते. येथे तर जवळजवळ प्रत्येक वळणाआधी ब्रेक जोराने दाबावयाचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलला ही मर्यादा १५५ अंशांची आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ धरते, वाफ दबते, पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

म्हणून जाणाऱ्याने ऑइल बदलावे, ब्रेक पॅडची जाडी पाहावी, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळावेत, सुटे सामान काढावे, चांगले हेल्मेट घ्यावे. निशाणांचा अर्थ सकाळीच समजून घ्यावा. निशाण धरून उभा राहणाराही कोणाचा तरी बाप असतो. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, तो मधून मधून मोजावा. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निवू द्यावेत, आणि गाडी उभी केल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नये.

आम्ही गाडीमालकाला बोलावून त्याच्यासमोर ऑइल तपासविले. तो निमूट झाला. ऑइल बदलले, गाडी गेली आणि धड परत आली. मेकॅनिकही कामावर परतला. मात्र त्याची अकरा दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

आमचे मागणे मोठे नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याची भाकरी सुरक्षित ठेवा. तीच धोक्यात आली, तर उद्या तो ‘ठीक आहे’ म्हणेल, आणि त्या शब्दाची किंमत वळणावर दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागेल.